पाणी कुठं मुरतं

दर मार्चात, बिटाची पेरणी सुरू होते त्या आठवड्यात,
मी खूस गावच्या इस्पितळात जातो, मोजून घ्यायला.
सिल्वाना शिरेत सुई रोवते, म्हणते,
"क्राइन, यंदा दाढी वाढवलीत."
हात डोक्यामागे घेऊन मी त्या पांढऱ्या कड्यात सरकतो,
शरण आलेल्या माणसासारखा.
मग औषधाची ऊब घशातून उतरते ती थेट जांघेत,
आणि दर वर्षी वाटतं, झालं, चड्डी ओली झाली.
दर वर्षी ती कोरडीच निघते.
यंत्रातली बाई सांगते: श्वास घ्या. रोखून धरा.
तिचं काय जातंय, तिला श्वास लागतच नाही.

चौतीस वर्षं मी बांध तपासले.
ऑस्टरस्खेल्डच्या काठानं सायकल, खिशात पट्टी, वही.
घुशींची बिळं, मेंढ्यांनी उकरलेलं गवत,
आणि पायथ्याशी, ऐन उन्हाळ्यातही ओला राहणारा
हातभर पट्टा.
पाणी मुरतंय कुठंतरी, हे आधी गवताला कळतं.

आमच्याकडे बांधांना नावं असतात:
समुद्राला भिडलेला, तो जागता.
त्याच्या मागचा, निजलेला.
आणि पार आत, ज्याच्यावर आता नाशपाती अन् बकऱ्या,
तो स्वप्नातला.

डॉक्टर तेरपस्त्रानं कागदावर नळी काढली, तिला तीन थर.
आतला फाटला, मी गॅरेजात बोटीला रंग देत होतो तेव्हा.
रक्त थरांमध्ये घुसलं, आपली वेगळी वाट खणत
मांडीपर्यंत गेलं.
"बाहेरच्या थरानं मात्र धरून ठेवलं," ती म्हणाली, "पाच तास."
मी काही विचारलं नाही.
तो कोणता, ते मला ठाऊक होतं.

हृदयाजवळचा तुकडा आता कापडाचा आहे,
चुण्याचुण्यांचा.
तिथून खाली दोन वाटा तशाच,
एक खरी, एक खोटी,
मधे पडदा, दर ठोक्याला हलणारा,
दोरीवरच्या ओल्या धुण्यासारखा.
खोटीतलं काही रक्त गोठलंय. ते चांगलं, म्हणतात.
काही अजून वाहतंय. त्याबद्दल म्हणतात, बघू.

पहिल्या वर्षी एक्केचाळीस. मग बेचाळीस. बेचाळीस.
यंदा चव्वेचाळीस.
पंचावन्नला पुन्हा चिरणार.

याकोमिना गाडीत गप्प होती. पुलावर आल्यावर म्हणाली,
"दोन वाढले."
मी म्हटलं, दोन मिलिमीटर म्हणजे रेघेची जाडी.
एकाच पट्टीवर फान डाइकनं बारा वाचले होते, मी चौदा.
वारा होता, आणि त्याला चष्मा लावायची लाज.
ती म्हणाली, "हा बांध नाहीये, क्राइन."

मी फोन केला. म्हटलं, मागच्या वर्षीचं चित्र शेजारी ठेवा.
तोच मणका, तीच पातळी.
नळीला काटकोनात रेघ, तिरकी नको.
पलीकडे जरा शांतता. मग,
"तुम्ही काय काम करत होता, मिस्टर विसे?"

गुरुवारी उत्तर आलं: त्रेचाळीस.
मागचंही त्रेचाळीसच, नीट मोजल्यावर.
याकोमिना बटाटे सोलता सोलता रडली, साली सिंकमध्ये तशाच.
मला मात्र राग आला त्या बेचाळीसचा.
वर्षभर मी त्याच्या भरवशावर
कुशी न बदलता झोपलो होतो.

संध्याकाळी आतल्या बांधावर चालून आलो, सावकाश,
बकऱ्यांनी वाट सोडली नाही, मीच वळसा घातला.
घरी येऊन दंडाला पट्टा बांधला.
खात्याची एक वही उरलीय, तीच वापरतो:
एकशे अठरा, पंचाहत्तर.
वारा पश्चिमेचा.
पायथ्याचं गवत कोरडं.