पट्टा

बस्त्यावने कॅसेट दिली ती मजुरीत.
त्याच्या विहिरीवरचा पंप मी उघडून परत बसवला होता,
त्याला जहाजावरून उतरून आठ महिने झाले होते
आणि खिशात काही नव्हतं.
"ह्या घे, फिटर. दुसऱ्या बाजूचा तिसरा गाणा आयक."
गिटार नंतर दिली. पाच तारांची.
सहावी मी कुडाळहून आणली.

गाण्यातलं इंग्रजी मला अर्धंच लागायचं.
धुळीचा रस्ता होता.
घोडा होता की घर, ते अजून नक्की नाही.
एक माणूस कुठेतरी निघालेला, आणि पोचत नव्हता.
उभादांड्याला बसून ऐकायला एवढं पुरे.

अंगठ्याचं काम लवकर जमलं.
जाड तार, मधली तार, जाड तार, मधली तार,
एका सिलिंडरची होडी बंदराबाहेर पडते तसं.
त्यात माझा हात बसलेलाच होता.
पण दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी एक जागा आहे:
सूर दुसऱ्या पट्टीवरून चौथीवर सरकतो
आणि तिथे पोचून थरथरतो,
मासा अजून गिळत नाही, नुसता
हुंगतोय, तेव्हा दोरी थरथरते तेवढाच.

मागे. ऐक. थांब. वाजव. मागे.
बायको म्हणाली, एकाच ठिकाणी किती ग्रीस लावशील?

संध्याकाळी बस्त्यावच्या सोप्यावर परीक्षा.
तो डोळे मिटून बसायचा, मांडीवर काजूच्या बियांचं सूप,
आणि माझी चूक झाली की एक बी
लाद्यांवर ठेवायचा. बोलायचा नाही.
पहिल्या वर्षी सतरा.
मग नऊ. मग कित्येक वर्षं तीन.
शेवटी शेवटी एकच बी, थरथरीची.
ती मी वाजवायच्या आधीच तो हातात धरून ठेवायचा.

फेब्रुवारीत तो गेला. झाडं नुकती धरली होती.

महिन्याच्या मिस्साला त्याची फिलू बेळगावहून आली.
"पप्पांचं गाणं वाजवा. पण बरोबर हां,"
आणि तिने फोनवर ते लावलं,
स्वच्छ, धुतलेलं, खरखर नाही.

मी म्हटलं, हे ते नव्हे.

तेच होतं. पण केवढं जलद!
माणूस रस्त्याने जवळजवळ नाचत चाललेला,
गळा वर, उन्हात,
दुःखी बिलकूल नाही.
आणि ती जागा आली: सूर दुसरीवरून चौथीवर गेला
आणि उभा राहिला. सरळ. खुंटीसारखा.
शाळेतलं पोर वाजवेल असा.

रात्री मी टेप उघडला. मोटरचा पट्टा
म्हाताऱ्या बैलाच्या गळ्याखालच्या कातडीसारखा लोंबत होता.
आणि फीत नेमकी त्या जागी ताणलेली, चुरगळलेली,
बावीस वर्षं मागे-पुढे करून
मीच केलेली.
मी पंप दुरुस्त करतो, बोटीची इंजिनं दुरुस्त करतो,
आवाजावरून सांगतो कुठलं बेअरिंग गेलंय.

दोन रात्री बसून खरं गाणं बसवलं.
वेग तोच, पट्टी तीच, सूर सरळ.
एकही बी पडली नसती.

रविवारी मिस्सा झाल्यावर सोप्यावर खुर्च्या मांडल्या होत्या.
पाद्री, शेजारी, फिलूची दोन मुलं, कोपऱ्यात
नातालिन, काळ्या साडीत, हातात रिकामा कप.
मी गिटार मांडीवर घेतली.
कोणाला काही न सांगता सहाही तारा
थोड्या थोड्या उतरवल्या,
कानाला जिथे घर वाटलं तिथपर्यंत.

अंगठा निघाला, सावकाश.
ती जागा आली.
बोट सरकलं, पोचलं, आणि काय झालं कोण जाणे,
मी थरथरवलं नाही. ते आपणच थरथरलं.

फिलूने माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.
गाणं संपल्यावर पाद्रीसुद्धा काही बोलला नाही.
मग नातालिन, कप खाली ठेवत, हसू दाबत:
"मेल्या फिटर, बावीस वर्सां सांगतंय,
त्या मशीनचो पट्टो बदल म्हणान."