साचा

रात्री अकरा. उद्यमनगरातली भट्टी निजलेली.
लॅपटॉपवर तीन खिडक्या उघड्या:
एक फुकट, पण तिचीच पाटी माझ्या नावाआधी;
एक देखणी, महिन्याला भाडं,
निघताना सामान नेता येतं का, ते बारीक अक्षरांत;
तिसरीत सगळं आपणच ठोकायचं.

"काय बघालीस गं?"
आप्पांच्या कोपरापर्यंत सागवानाचा भुसा.
"साचा. लिहिलेलं ठेवायला."
चष्मा चढवून त्यांनी माझी सहा पानं मोजली.
"एवढंच हाय?"
"आत्ता एवढंच."
"तरी मापाचा घेऊ नगंस.
बीड निवताना आकसतंय.
साचा जरा मोठाच धरायचा."

तिसरी ठेवली.
नाव टाकलं, खोडलं, पुन्हा टाकलं.
पांढऱ्या चौकटीत कर्सर लुकलुकतोय,
आणि आप्पा अजून उभेच:
"मग? वतायचं कवा?"