भिंतीच्या अलीकडे

मी पाहिलं की आपण हरतो,
हे पहिल्यांदा इनास फर्गोज बोलला, त्र्याऐंशी साली,
चेष्टेतच.
पण त्या रविवारी मी लघवीला गेलो आणि आमच्या पोरांनी गोल केला,
परत आलो आणि दोन खाल्ले.
तेव्हापासून मी भिंतीच्या अलीकडे.
तरी हरायचेच.
पण माझ्यामुळे नाही.

घोडपदेव युनियन. अकरा पोरं, साडेनऊ जोड बूट,
जर्सीचा मरून रंग धुऊन धुऊन चिंचेच्या कोळासारखा.
मैदानाच्या पश्चिमेला दगडी भिंत,
भिंतीला लागून गटार, गटारावर फरशी, फरशीवर मी.
शेजारी रसवंतीवाला. नेमका कॉर्नरच्या वेळी चरक फिरवायचा.
पुढे पुढे थांबवायला लागला,
न सांगता.

ऐकणं हा तर माझा धंदाच.
पाणीखात्यात गळती शोधायचो:
रात्री दोनला, रस्ता निजला की
लोखंडी सळई जमिनीत नळावर टेकवायची, दुसरं टोक कानाला,
चार फूट खाली पाणी कुठे रडतंय ते कळायचं.
तशीच भिंतीला पाठ लावून मॅच कळायची.
बुटाच्या टोकाने मारलेला, पंज्याने मारलेला,
गोलीच्या हातून सुटलेला,
आणि तो एक आवाज, जो आवाजच नव्हे:
आमच्या बाजूची चाळीस माणसं एकदम श्वास सोडतात,
कोणीतरी चप्पल आपटतं.
म्हणजे खाल्ला.

इनास गेला.
दत्ताराम कांदळगावकर मुलाकडे विरारला गेला, तोही एका अर्थी गेलाच.
तेव्हाच्या गोलीचा नातू आता गोली आहे,
डावीकडे तसाच उशिरा झेपावतो. ऐकू येतं.

परवा फायनल. समोर बँकेची टीम,
त्यांचा मालिशवाला वेगळा, लिंबूपाणी वेगळं.
सत्तराव्या मिनिटाच्या आसपास
पलीकडे असा आवाज झाला, जो माझ्या कानात नव्हता.
गोल आम्ही याआधीही केलेत,
पण चार खाल्ल्यावर एक; त्याचा आवाज फोडणीसारखा,
चुर्र होऊन विझणारा.
हा विझेना.
मला वाटलं, मांडव पडला.
रसवंतीवाल्याकडे पाहिलं,
तर त्याने चाक सोडून दोन्ही हात वर केलेले,
बोटांना चोथा.

मग शेवटी शेवटी कोणीतरी घाबरून बॉल उडवला.
भिंत ओलांडून आला,
फरशीवर एक टप्पा, आणि गटारात, माझ्या पायाशी.
एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा
खेळ माझ्याकडे आला.
"काका, बॉल! ओ काका!"
दुसऱ्या बॉलची हवा गेलेली, हे मला ठाऊक होतं.

मी बॉल उचलला.
रुमाल काढला.
पस्तीस वर्षांच्या नोकरीत पालिकेचा एक वॉशर घरी नेला नाही,
असा मी,
त्या बॉलची एकेक शिवण पुसत उभा राहिलो.
आधी काळे तुकडे, मग पांढरे.
वेळ मोजला नाही, पण एक मिनिट सहज.
मग फेकला, तर भिंतीला लागून परत आला.
देवाशपथ, ते मुद्दाम नव्हतं.

शिट्टी. लांब.

पोरं आत बोलवायला आली, फाटकापर्यंत ओढत नेलं.
दुरून चषक दिसला, दुधाच्या लोट्याएवढा.
पुढच्या साली वरच्या श्रेणीत खेळायचंय त्यांना.
म्हणून आत पाऊल टाकलं नाही.

घरी येऊन हात धुतले. रुमाल नाही धुतला.
शालन कधी "जिंकले का" विचारत नाही.
पोळी उलटता उलटता म्हणाली, "किती?"
"एक."
"एकच? मग बरंच खेळले की," म्हणाली,
आणि डाळ वाढली.