थर्ड अँगल

कराडला वरून दिसणारं खाली काढायचो.
इथे मिशिगनमध्ये, होटनला, ते वरच काढतात.
पहिल्याच शीटवर हायकिनन सरांनी
काही न बोलता एक बाण ओढला,
खालून वर.

"मध्ये काच आहे असं धर," दुसऱ्या दिवशी म्हणाले,
"आधी काच, मग वस्तू."
आमच्याकडे आधी वस्तू असायची,
मागे भिंत.

नोव्हेंबरभर टू-एच घासत राहिलो सँडपेपरवर.
खिडकीबाहेर बर्फ, हीटरची खुडबुड,
ब्रॅकेट, बुश, फ्लँज,
सगळं काचेपलीकडे.
हात वळला एकदाचा.

मग आईने व्हिडिओ कॉलवर पंपाचं तुटकं कपलिंग दाखवलं,
इतकं जवळ आणून
की नुसता तिचा अंगठाच दिसला.
मापं विचारून रात्रीच काढून पाठवलं,
तीन व्ह्यू, सेंटरलाइनसकट.

भोक पाडून झाल्यावर
शब्बीर मुलाणी लेथवरून ओरडला म्हणे,
"वहिनी, पोरानं उलटं काढलंय!"

कोपऱ्यात कापलेल्या शंकूची खूण
टाकायची राहिली होती माझी.

आईने तेच बसवून घेतलं.
पंप चालतो, म्हणते.
जरा थरथरतो.