पाचव्या डेकवरचं दार

रात्री साडेदहानंतर माझं काम एवढंच :
पाचव्या डेकवरच्या दाराशी उभं राहायचं
आणि चेहऱ्यावरून वय वाचायचं.
पाटीवर लिहिलंय, फक्त प्रौढांसाठी.
ज्यांना पाटी वाचायची नसते
त्यांच्यासाठी मी :
काळा कोट, छातीवर बिल्ला,
क्रिसांतो, इलोइलो, फिलिपिन्स.

गॅल्व्हेस्टन सोडून तिसरी रात्र.
कोझुमेलच्या उन्हाने सोललेली नाकं घेऊन
माणसं रांगेत उभी.
त्यात हे वेन्डेल. चेहरा आधीच हसायच्या तयारीत.
आणि मागे अर्धं पाऊल त्यांचा मुलगा,
ओठावर पुसट लव, इस्त्रीचा शर्ट,
पायात मात्र पूलवरच्याच ओल्या चपला.

"किती वर्षांचा?"
"सोळा," बाप म्हणाला.
"पंधरा," मुलगा म्हणाला, त्याच वेळी.
"अहो, घरी फोनवर याच्यापेक्षा वाईट बघतो तो.
मी बाप आहे ना सोबत?
जबाबदारी माझी."

पालक सोबत असतील तर सोडायचं,
नियमात तेवढी फट ठेवलीय कंपनीने.
मी सही घेतली.
जबाबदारी हा शब्द लोक
बुफेतल्या ताटासारखा उचलतात.
रिकामं असतं, तोवर हलकंच असतं.

दार अर्धं उघडं राहतं, म्हणून मला दिसतं.
स्टेजवरच्या माणसाने विचारलं,
आज इथे सगळ्यात लहान कोण?
बापानेच पोराचा हात धरून वर केला.
तो माणूस एक क्षण थांबला.
मला वाटलं, गिळेल तो विनोद.
त्याने पाण्याचा घोट गिळला
आणि विनोद सांगितला :
सोडून गेलेल्या बायकोचा,
तिच्या शरीराचा,
शेजाऱ्याच्या गॅरेजचा.

सगळा हॉल फुटला.
वेन्डेल मांडीवर थाप मारत हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
मुलगा स्टेजकडे बघत नव्हता.
तो बापाच्या उघड्या तोंडाकडे बघत होता,
जीभ, सोन्याची दाढ,
आत काय काय आहे ते मोजल्यासारखा.

मग तो बाहेर आला.
मी टॉयलेटकडे बोट दाखवलं.
गेला नाही. माझ्या शेजारी उभा राहिला,
जणू त्याचीही ड्यूटी आहे.
"तुम्हाला मुलं आहेत?"
"एक. लीझेल. चौदाची."
"तिला आत सोडलं असतं?"

काय सांगू.
नऊ महिने झाले मला घर सोडून.
ती कुठल्या दारातून आत जाते, कुठून बाहेर येते,
त्यातल्या एकाही दाराशी मी नसतो.
हे काही बोललो नाही.
म्हणालो, "चपला बदल. कार्पेटवर घसरशील."

वीस मिनिटांनी वेन्डेल आले,
हातात पोरासाठी घेतलेला कोक, बर्फ विरघळलेला.
"अरे, खरी मजा तर तू गेल्यावर आली!"
मुलाने ग्लास घेतला. प्यायला नाही.
बापाने माझ्याकडे बघितलं,
मी पाटीकडे.

दोनला सुट्टी झाली.
रेंज शोधत मी अकराव्या डेकवर गेलो.
आइस्क्रीमच्या मशीनपाशी ते दोघं,
एका बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून.
वेन्डेल काहीतरी म्हणाले. वाऱ्याने ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.
पुन्हा म्हणाले, या वेळी खाली बघून.
मुलाने खांदे उडवले.
पण उठून गेला नाही.

मी पंधरा मिनिटांचं वायफाय विकत घेतलं.
इलोइलोत दुपारचे तीन. शाळा सुटत असेल.
लिहिलं : हल्ली फोनवर काय बघतेस?
खोडलं.
लिहिलं : कुणी काही दाखवलं तर मला सांगशील?
तेही खोडलं.
मिनिटं उडत होती.
शेवटी पाठवलं :
जेवलीस का?

बऱ्याच वेळाने उत्तर आलं.
हो. तू?