व्हॉल्वमन

एकतीस वर्षं मी पाणी सोडलं.
यायचं ते आजव्याहून. मी फक्त
रस्त्यातलं झाकण उचलून, एका गुडघ्यावर बसून
चावी डावीकडे फिरवायचो. सव्वीस आटे.
घडियाळी पोळातल्या बायका गच्चीवरून ओरडायच्या,
'मोहितेकाका, आजे प्रेशर नथी!'
पाऊण तास.
मग उजवीकडे. सव्वीस आटे.

परवा फाल्गुनी अमीननं बोलावलं.
हंड्यांच्या रांगेत वाढलेली पोर,
आता फाइन आर्ट्सला शिकवते.
शहराबाहेरच्या एका कोरड्या वावेत काही मांडलंय म्हणे.
वाव, म्हणजे आपली बारव.

आत थेंब नव्हता.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
निळे दोरे, सैल, थरावर थर.
तोंडाशी एक मुलगा वही घेऊन.
सकाळी काय घेतलंत?
अर्धा कप चहा.
पंधरा लिटर, म्हणाला, एक पायरी उतरा.
आणि सदरा? सुती?
सुती. मुलीनं दिवाळीला घेतलेला, दोनदाच घातलेला.
तो बोलला नाही. बोटानं खाली दाखवलं.

दोरे घोट्याला लागले, मांडीला, बरगडीला,
बाजूला होत होते, मागे मिटत होते.
तळाशी पोचलो तेव्हा डोक्यावर सगळं निळं.
कुठेतरी टप्.
टेपवर भरलेला थेंब. कान फसला नाही माझा,
मान मात्र वळली.

अडीच हजार लिटर, लिहिलं होतं, एक सदरा.
हा हिशेब मला येतो.
तेवीस घरं, एक सकाळ, घरटी सात हंडे.
जागृतीबेन एका हंड्यापायी
चार महिने बोलली नव्हती माझ्याशी.
तिचा हंडा इथेच असेल,
तिसऱ्या काजाच्या आसपास.
कुठल्या शेतातलं हे, कुणाच्या विहिरीतलं?
कॉलर उलटून पाहिली.
लेबलवर एवढंच: थंड पाण्यात धुवा.

'फाल्गुनी, कळलं सगळं.
पण याचा व्हॉल्व कुठे आहे?'

ती हसायला लागली, मग थांबली.
पायरीवर बसली.
'काका, तेच तर...' म्हणाली,
आणि पुढचं वाक्य तिला सापडेना.

रात्री इंदूनं सदरा बादलीत बुडवला.
मी म्हणे झोपेत
मनगट उजवीकडे फिरवत होतो.
सव्वीस झाले, ती सांगते,
मी मोजत होते.
तुम्ही परत एकपासून सुरू केलंत.