डाव्या पायाचा अंगठा

मंगळवार, पहाटे साडेपाच.
घणसोली, सेक्टर सात, तिसरा मजला.
मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून
मी चटईवर आडवा होतो.
पडद्यावर नऊ चौकोन, त्यातले सहा काळे.
माझाही काळाच.

निकम अपशिंग्याहून, कांबळे गडहिंग्लजहून,
एकाचं नाव नुसतंच ‘सॅमसंग ए-बारा’.
तो कधी बोलत नाही.
एकदा चुकून त्याच्याकडची गाय ऐकू आली होती.
हजेरी होते. म्यूट असूनही मी ‘हाजिर’ म्हणतो,
तोंडातून जातच नाही ते.

ताम्हनकरबाई चिपळूणहून बोलतात,
वयानं माझ्या धाकटीएवढ्या.
पहिल्या दिवशी हसूच आलं होतं :
श्वास घ्यायला आता शिकवणी लावायची?
अठरा हजार फुटांवर
आम्ही तो रेशनसारखा मोजून घेतलाय.

खाडीच्या बाजूला पायलिंग सुरू होतं.
धप्प.
आणि थोड्या वेळानं, धप्प.
शेवंता काही न बोलता खिडकी लावून घेते.
मला उठवायचं झालं तर ती दारातूनच हाक मारते,
खांद्याला हात लावत नाही.
बावीस वर्षं झाली.

“उजवी तर्जनी. सैल सोडा.”
बाई तर्जनी म्हणतात त्या बोटाला.
ते सगळ्यात शेवटी सुटतं,
कधी सुटतही नाही.

“आता डाव्या पायाचा अंगठा.”
तो नाही, बाई.
तो आणि शेजारची दोन बोटं
बर्फानं ठेवून घेतली, त्र्याण्णवच्या जानेवारीत.
तरी रात्री ठणकतो तोच.
पण हे सांगायला म्यूट काढावा लागेल,
सगळ्यांना आवाज जाईल.
राहू दे.

“श्वास आत घ्या. थांबा...”

आणि चिपळूणची लाइट गेली.

बाई अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पडद्यावर गोठलेल्या.
आम्ही थांबलो.
निकम थांबला, कांबळे थांबला.
हुकूम आल्याशिवाय कोण सोडणार?
छाती भरून आलेली, कानात शिट्टी,
खाली पायलिंग धप्प,
आणि त्या काळ्या चौकोनातून
घोगरा, वापरात नसलेला आवाज :

“विश्राम.”

नऊ घरांतून एकदम हवा बाहेर पडली.
मागे कुठेतरी गाय हंबरली.

बाई परत आल्या सहा-सात मिनिटांनी, ओशाळलेल्या.
“सॉरी हं. कुठे होतो आपण?”

मी म्यूट काढला.
“डाव्या पायाच्या अंगठ्यावर,” म्हणालो.